दिवसभराची धावपळ व्यायामात धरायची का?

मनगटावरचं घड्याळ रात्री पावलांचा आकडा दाखवतं. पण कामावर आणि येता-जाता झालेली हालचाल कसली होती, हे त्या आकड्यातून कळत नाही. त्यातूनच काही समजुती रुजल्या आहेत.

गैरसमज : व्यायाम म्हणजे जिम किंवा सकाळचं फिरणं.
वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत काम, प्रवास आणि फावला वेळ अशी तीन खाती वेगळी असतात. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करावी, असा संघटनेचा सल्ला आहे. ती सलग दहा मिनिटं तरी हवी, ही जुनी अट २०२० मध्ये गेली. स्टेशन गाठताना सहा मिनिटं भरभर चाललात, तर तीही जमेला.

गैरसमज : बैठ्या नोकरीनं हृदयाला काही होत नाही.
वस्तुस्थिती : लंडनच्या डबलडेकरमध्ये चालक बसून असे, कंडक्टर दिवसभर जिना चढे-उतरे. संशोधक जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवलं की कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी होता. मॉरिस तिथं थांबले नाहीत. त्यांनी गणवेशांची मापं तपासली, तर चालकांच्या विजारी कमरेत मोठ्या निघाल्या. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नव्हतं.

गैरसमज : अंगमेहनत करणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला?
वस्तुस्थिती : तासन्‌तास ओझी उचलताना रक्तदाब चढा राहतो आणि विसावा हातात नसतो. २०१८ च्या एका एकत्रित अभ्यासात जड काम करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचा धोका १८ टक्के जास्त आढळला. दोष कामाचा की हलाखीचा, यावर अजून वाद आहे.

गैरसमज : १०,००० पावलं भरली नाहीत, तर दिवस फुकट.
वस्तुस्थिती : हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्रातून पसरला. त्याहून कमी पावलांचाही फायदा होतो. शिवाय घड्याळ हाताच्या हालचालीवरून अंदाज बांधतं. हातगाडीच्या दांड्यावर हात स्थिर असले, की पावलं कमी भरतात. खड्ड्यांतून दुचाकी हाणली, की उगाच वाढू शकतात. डोक्यावर पोतं आहे की नाही, हे तर त्याला कळतच नाही.

म्हणून नोंद ठेवताना काम आणि प्रवास वेगळे लिहा, मिनिटं लिहा आणि दम किती लागला तेही लिहा. बोलता येतं पण गाता येत नाही, ती मध्यम हालचाल. लोकलमध्ये तासभर लटकून दमलात, तरी तो तास त्यात धरू नका.