गाडी किती वेगाने गेली?

दिवाळी उलटली की आपल्या कोऱ्हाळे बुद्रुकच्या रस्त्याला ऊसगाड्यांची रांग लागते. बीडकडची माणसं तोडीला येतात आणि गाड्या भरून सोमेश्वर कारखान्याकडे निघतात. अशाच एका गाडीवानाला मी म्हटलं, "बाबा, किलोमीटरचे दगड मोजत जा नि घड्याळ बघत जा." त्यानं पहिल्या दोन तासांचं हे टिपण आणून दिलं.

सकाळी ६ : ० किलोमीटर
७ वाजता : ४ किलोमीटर
७ वाजून १५ मिनिटं : ४ किलोमीटर
८ वाजता : ७ किलोमीटर

आता वेग काढू. वेग म्हणजे एका तासात तुटलेलं अंतर. अंतराला वेळेनं भागायचं, एवढंच. पहिल्या तासात ४ किलोमीटर, म्हणजे वेग ताशी ४. पुढं १५ मिनिटं गाडी जागची हलली नाही. बैलांना पाणी पाजलं असणार. शेवटी ४५ मिनिटांत ३ किलोमीटर. इथं पुष्कळ जण गडबडतात आणि ३ ला ४५ नं भागतात. सोपं करा : १५ मिनिटांत १ किलोमीटर, तर ६० मिनिटांत ४. वेग तोच.

पण सगळ्या वाटेचा वेग? ७ किलोमीटर, २ तास : ताशी साडेतीन. थांबलेली वेळही मोजावी लागते. बैल काही ती विसरत नाहीत!

हा हिशेब कशाला, असं गाडीवानानं विचारलं. मी त्याला निरा-बारामती रस्त्याच्या कडेला नेलं. बैलांसकट गाडीची लांबी सुमारे ८ मीटर, रस्त्याची रुंदी ७ मीटर धरली. पुरतं पलीकडं जायला १५ मीटर चालावं लागतं. ताशी ४ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ६७ मीटर. तेव्हा १५ मीटरला १३-१४ सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटरनं येणारी मोटार मिनिटाला १००० मीटर जाते. १४ सेकंदांत ती सुमारे २३३ मीटर येते. म्हणजे दोनशे मीटरवरची मोटार "लांब आहे" म्हणून गाडी घातली, तर ती अंगावरच येते.

गाडीवान गप्प झाला. त्याच्या भावाचा एक बैल अशाच पहाटे रस्ता ओलांडताना गेला होता. मग आम्ही दोघांनी तीनशे मीटर पावलांनी मोजले आणि तिथल्या बाभळीला चुन्याचा पट्टा ओढला. मोटार त्या बाभळीच्या अलीकडे दिसली की तो आता बैल धरून उभा राहतो.