जुनाट सांधेदुखी व हातांचे उपचार

महालांतील जुन्या वाड्यांत सकाळीं उंबऱ्यापाशीं क्षणभर थांबून, भिंतीचा आधार घेऊन मग पाऊल पुढें टाकणारी आजी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. त्याच गल्लींत दिवसभर यंत्रावर वांकून बसणारा शिंपी, मिठाईच्या दुकानांत आठ आठ तास कढईपुढें उभा राहणारा कारागीर, आणि खातेवहीऐवजीं आतां संगणकापुढें मान घालून बसणारा कारकून, हे सारे एकाच घराण्यांतील दुखण्यांचे धनी होत. कोणी त्यास वात म्हणतो, कोणी कंबरेंत चमक भरली म्हणतो, कोणी नुसतें ‘वय झालें’ म्हणून सोडून देतो. असें दुखणें तीन महिन्यांपेक्षां अधिक टिकलें म्हणजे वैद्यकशास्त्र त्यास जुनाट म्हणतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० सालीं जगांत सुमारें ६१ कोटी ९० लक्ष माणसें एकट्या कंबरदुखीनें पीडित होतीं. या दुखण्यानें सहसा मनुष्य मरत नाहीं, म्हणूनच घरांत त्याची फारशी चौकशी होत नाहीं. परंतु कमावता हात थांबला म्हणजे मुलाच्या शाळेच्या फीपासून दिवाळीच्या कपड्यांपर्यंत सर्व कांहीं थांबतें, हें ज्यांनीं अनुभविलें त्यांस सांगावयास नको.

हें दुखणें नागपुरास नवें नाहीं. भोसल्यांच्या आश्रयानें येथें कोष्टी व हलबा विणकरांची वस्ती वाढली आणि नागपुरी लुगड्यांचा लौकिक दूरवर पसरला. हातमागाचा विणकर जमिनींतील खड्ड्यांत पाय सोडून बसे. पायांनीं खालच्या पट्ट्या दाबावयाच्या, एका हातानें धोटा चालवावयाचा, दुसऱ्या हातानें फणी ठोकावयाची, आणि सारा वेळ पाठ पुढें वांकलेली. पुढें १८७७ सालीं एम्प्रेस मिल सुरू झाली व पुष्कळ जण मागावरून उठून गिरणींत उभे राहिले. बसण्याचें दुखणें गेलें, उभें राहण्याचें आलें, एवढाच काय तो फरक! ती गिरणीहि २००२ सालीं बंद झाली. तरी वांकून काम करणाऱ्या पाठी शहरांत कमी झालेल्या नाहींत.

अंग दुखूं लागलें कीं आपली पहिली धांव हातांकडे असते. घरांत निर्गुंडीच्या पाल्याचा शेक आणि तिळाचें तेल. घराबाहेर तालमींतील वस्ताद किंवा हाडवैद्य. आणि केस कापून झाल्यावर डोक्याला चंपी करून, शेवटीं हनुवटी धरून मानेला कडकन् झटका देणारा न्हावी. यांपैकीं शेकानें व तेलानें स्नायू सैल पडतात, रुग्णास बरें वाटतें व अपाय कांहीं होत नाहीं. वस्तादांच्या अनुभवाची थट्टा करण्याचें कारण नाहीं. आखाड्यांत मुरगळलेला पाय त्यांच्या नजरेखालून वर्षानुवर्षें गेलेला असतो. परंतु आज मुरगळलेला पाय ही एक गोष्ट आणि सहा वर्षें दुखणारा गुडघा ही दुसरी. मानेच्या झटक्याविषयीं तर स्पष्टच सांगितलें पाहिजे. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून वर जातात. जोराच्या झटक्यानें त्यांच्या आंतल्या अस्तरास चीर पडून अर्धांगवायु झाल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नोंदलेलीं आहेत. असें क्वचित् घडतें, परंतु घडतें. आणि दाढीकटिंगीबरोबर फुकट मिळणाऱ्या सुखासाठीं तेवढाहि धोका पत्करण्यासारखा नाहीं.

मग त्या आवाजाचें काय? ‘हाड सरकलें होतें तें बसलें’ असें सर्वजण समजतात. वस्तुतः सांध्यांत हाडांच्या टोकांमध्यें एक चिकट द्रव असतो. सांधा एकदम ताणला म्हणजे आंतील दाब उतरतो आणि त्या द्रवांत वायूची पोकळी निर्माण होते. तोच तो आवाज. कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१५ सालीं चुंबकीय चित्रण यंत्रांत बोटें मोडवून ही पोकळी उत्पन्न होतांना प्रत्यक्ष पाहिली. हाड कोठें गेलेलेंहि नसतें व कोठें बसलेलेंहि नसतें. पाठीचा कणा ही एकावर एक रचलेल्या तेहतीस मणक्यांची माळ आहे. त्यांतील वरचे चोवीस सुटे व खालचे एकमेकांस जुळलेले असतात. सुट्या मणक्यांमध्यें लवचिक चकत्या असतात आणि सर्व कांहीं बळकट बंधनांनीं व स्नायूंनीं जखडलेलें असतें. तें खुंटीवरच्या टोपीसारखें सहज सरकत नाहीं. खरोखर सरकलें तर मनुष्य चालत वस्तादाकडे जाणार नाहीं, त्यास उचलून रुग्णालयांत न्यावें लागेल.

मोठ्या माणसाच्या चकतीस स्वतःची रक्तवाहिनी जवळजवळ नसते. सांध्यांतील गुळगुळीत कूर्चेसहि ती नसते. पाण्यांतील बोळा दाबला व सोडला म्हणजे जसें पाणी आंतबाहेर करतें, तसें चालण्यावांकण्यानें त्यांचें पोषण होतें. म्हणजे हालचाल हाच त्यांचा आहार. दुखतें म्हणून महिना महिना अंथरुणावर पडून राहिलें तर चकती उपाशी राहते, स्नायू क्षीण होतात, आणि उठल्यावर तोच भार दुर्बळ पाठीवर पडून दुखणें दुणावतें. एके काळीं डॉक्टर स्वतःच सक्त विश्रांति सांगत असत. आतां तसें सांगत नाहींत.

हातांनीं मणके दाबून उपचार करण्याच्या ज्या पद्धतीस कायरोप्रॅक्टिक म्हणतात व जिच्या पाट्या अलीकडे मोठ्या शहरांतून दिसूं लागल्या आहेत, तिचा जन्म अमेरिकेंत आयोवा संस्थानांतील डॅव्हनपोर्ट गांवीं झाला. चुंबकचिकित्सा करणाऱ्या डी. डी. पामर नांवाच्या गृहस्थानें १८९५ सालीं हार्वे लिलार्ड या बहिऱ्या माणसाच्या पाठीवर दाब दिला व त्यास ऐकूं येऊं लागलें, असें पामर सांगे. त्यावरून, बहुतेक सर्व रोग मणके जागचे हलल्यामुळें होतात, असा सिद्धांत त्यानें उभारला. हा सिद्धांत पुढें शास्त्राच्या कसोटीस उतरला नाहीं. दमा, मधुमेह किंवा बहिरेपण मणके दाबून बरें होतें असें जो सांगेल, त्याच्या पायऱ्या उतरून परत यावें. मात्र सिद्धांत खोटा ठरला म्हणून सारी कृति निरुपयोगी ठरते असें नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें डिसेंबर २०२३ मध्यें जुनाट कंबरदुखीविषयीं जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्यांत रुग्णास नीट समजावून सांगणें, व्यायाम, मनाच्या भीतीवर उपचार, यांबरोबरच मर्दन व मणक्यांचे हस्तोपचार यांसहि स्थान आहे. उलट कंबरपट्टे, वजन बांधून ओढ देणें आणि अफूवर्गांतील औषधें यांचा सरसकट वापर करूं नये असेंहि त्यांत सांगितलें आहे. हस्तोपचाराचा लाभ साधारणतः बेताचाच असतो. त्यानें दुखणें कांहीं काळ हलकें पडतें. त्या उसंतींत रुग्णानें व्यायाम सुरू केला तर तें सार्थकीं लागतें, नाहीं तर दर आठवड्यास पैसे देऊन तोच आवाज ऐकावयाचा.

ब्रिटनमध्यें १९९४ च्या कायद्यान्वयें कायरोप्रॅक्टरांची नोंदणी होते. आपल्या देशांत २०२१ सालीं संलग्न आरोग्यव्यवसायांचा जो कायदा झाला, त्यांत फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी या विद्यांस स्थान आहे. कायरोप्रॅक्टिकचें नांव तेथें नाहीं. म्हणून पाटी वाचून पालकांनीं थांबूं नये. गृहस्थ कोठें शिकले, किती वर्षें शिकले, हें विचारण्यांत कोणताहि अविनय नाहीं.

फिजिओथेरपी ही मर्दनाचीच सुशिक्षित कन्या. स्वीडनमध्यें पेर हेन्रिक लिंग यानें १८१३ सालीं स्टॉकहोमला व्यायामाची संस्था काढली. इंग्लंडांत १८९४ सालीं चौघी परिचारिकांनीं मर्दनाची अब्रू राखण्यासाठीं मंडळ स्थापिलें. आपल्याकडे मुंबईंत पोलिओनें मुलें पंगु होऊं लागलीं, तेव्हां १९५३ च्या सुमारास के. ई. एम. रुग्णालयांत या विद्येचें शिक्षण सुरू झालें. पोलिओच्या मुलांसाठीं शिकलेले हात पुढें विणकरांच्या पाठीस व आजींच्या गुडघ्यांस उपयोगी पडले. तिची बहीण ऑक्युपेशनल थेरपी ही माणसाच्या कामाकडे पाहते. शिंप्याची खुर्ची चार बोटें उंच करावी, घागर कंबरेवर न घेतां दोन लहान बादल्यांत पाणी वाटून न्यावें, संडासांत भिंतीला धरावयास लोखंडी दांडा बसवावा, असल्या साध्या गोष्टी तिच्या पोतडींत असतात. आणि माझ्या मतें पुष्कळ घरांत औषधापेक्षां त्या दांड्याचीच गरज अधिक आहे.

परंतु कोणाहि हातांकडे जाण्यापूर्वीं दुखण्याची जात ओळखणें अवश्य आहे, आणि तें डॉक्टरचेंच काम. पाठदुखीबरोबर संध्याकाळीं बारीक ताप, भूक मंदावणें, वजन घटणें अशीं लक्षणें असतील तर मणक्यांचा क्षय असूं शकतो. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शस्त्रवैद्यानें १७७९ सालीं त्याचें वर्णन केलें. तो आपल्या देशांत आजहि आढळतो, आणि किडलेल्या मणक्यावर जोर देणें म्हणजे पाय कायमचे लुळे करण्यास आमंत्रण होय. योग्य औषधांनीं मात्र तो बरा होतो. दोन्ही पायांतील शक्ति जाऊं लागली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. सकाळीं बोटांचे लहान सांधे दोन्ही हातांत सारखेच सुजून तासभर ताठत असतील तर तो आमवातासारखा विकार असण्याचा संभव आहे. त्यास लवकर औषध मिळालें तर बोटें वांकडीं होणें पुष्कळ अंशीं टळतें. दोन वर्षें मालिश करीत बसल्यास तें टळत नाहीं.

विदर्भांत आणखी एका गोष्टीची आठवण ठेविली पाहिजे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आपल्या भागांतील अनेक समाजांत आहे. त्यांत तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यास रक्त मिळेनासें झालें म्हणजे तें आंतून मरूं लागतें. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा खुबा दुखतो म्हणून लंगडूं लागला, तर त्यास तालमींत पाय ओढून घेण्यास पाठवूं नये. आधीं रक्त तपासावें.

अशीं कारणें नसलीं म्हणजे उरतें तें झिजेचें व संवयीचें दुखणें, आणि बहुसंख्य माणसांचें तेंच असतें. येथें चित्रांची भीति बाळगूं नये. ज्यांना मुळींच पाठदुखी नाहीं अशा माणसांच्या चित्रणांचा एक आढावा २०१५ सालीं प्रसिद्ध झाला; त्यांत विशीच्या वयाच्या शंभरांपैकीं ३७ जणांच्या व ऐंशीच्या वयाच्या शंभरांपैकीं ९६ जणांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. झीज म्हणजे पिकलेले केस. ती दिसली म्हणजे दुखण्याचें मूळ सांपडलेंच असें नव्हे. गुडघ्याच्या बाबतींत वजनाचा हिशेब लक्षांत घेण्यासारखा आहे: देहाचें वजन एक किलो उतरलें तर चालतांना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं कमी होतो. मांडीचा पुढचा स्नायू बळकट करण्यासाठीं खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून धरावा, मग हळूच खालीं ठेवावा. आरंभीं दहा वेळां, सकाळसंध्याकाळ. थोडें दुखलें तरी भिण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या दिवशीं सूज आली किंवा दुखणें वाढलेलेंच राहिलें तर प्रमाण कमी करावें. याचें फळ दिसावयास सहा ते आठ आठवडे लागतात, आणि बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यांत सोडून देतात.

गोळ्यांची गोष्ट नाजूक आहे. दुखणें थांबविणाऱ्या कांहीं गोळ्या महिनोन्‌महिने स्वतःच्या मनानें घेतल्यास जठरांत व्रण पडतो, मूत्रपिंडें बिघडतात. त्याहून वाईट ती नांवगांव नसलेली पुडी, जिनें दोन दिवसांत जादूसारखा आराम पडतो! अशा पुड्यांत पुष्कळदां स्टेरॉइड मिसळलेलें सांपडलें आहे. तें डॉक्टरच्या देखरेखीखालीं उपकारक असतें; चोरून दिलें तर हाडें ठिसूळ करतें, रक्तांतील साखर वाढवितें, आणि एकदम बंद केल्यास जीवावर बेततें.

विद्यार्थिमित्रहो, आजीचा व्यायाम मोजण्याचें काम तुमच्याकडे घ्या; दहा म्हणतां म्हणतां ती सातावरच थांबते, हें तुम्हांस दिसेल. तपासणीसाठीं महालापासून मेयो रुग्णालय दूर नाहीं, आणि १९४७ सालीं स्थापन झालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्यास आपण सारे ‘मेडिकल’ म्हणतों, तेंहि शहरांतच आहे. जातांना जुने कागद, गोळ्यांचीं रिकामीं पाकिटें आणि ती बिननांवाची पुडी असल्यास तीहि बरोबर न्यावी, व ती किती दिवस घेतली हें डॉक्टरांस न लपवितां सांगावें.