विजेची गाडी आणि ग्लव्ह बॉक्समधले पाकीट

२०२५ च्या दिवाळीत मंडळाच्या कार्यक्रमाला जाताना सिग्नलवर मागच्या गाडीने आम्हाला हलकेच ठोकले. कुणाला काही लागले नाही, बंपरवर ओरखडा तेवढा आला. विम्याचा कागद शोधायला हिने ग्लव्ह बॉक्स उघडला, तर गाडी घेतली तेव्हाचे एक न फोडलेले पाकीट हाती लागले. घरी येऊन ते फोडले आणि माझा चेहरा पडला. तो डीलरने दिलेला 'सेलर रिपोर्ट' होता.

आमची शेव्हरोले बोल्ट आम्ही नोव्हेंबर २०२३ मध्ये नवीन घेतली. त्या गाडीवर फेडरल सरकारचे ७,५०० डॉलरपर्यंतचे टॅक्स क्रेडिट होते. डीलरने किमतीत थोडी सूट दिली होती, तेच क्रेडिट असा मी समज करून घेतला. रिटर्न भरताना सॉफ्टवेअरने विजेच्या गाडीबद्दल विचारले, तेव्हा 'नाही' दाबून पुढे गेलो. इतकी वर्षे या देशात टॅक्स भरतो आहे, तरी ही अक्कल!

"अहो, म्हणजे ते पैसे गेले का आपले?" हिने विचारले. उत्तर शोधण्यात दोन आठवडे गेले. मी सीपीए नाही, निवृत्त इंजिनिअर आहे. पण जे कळले ते अनेक सभासदांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

प्रथम मूळ गोष्ट. डिडक्शनने आपले करपात्र उत्पन्न कमी होते, क्रेडिटने प्रत्यक्ष टॅक्स कमी होतो. २२ टक्क्यांच्या पट्ट्यात असलेल्या माणसाला हजार डॉलरच्या डिडक्शनने २२० डॉलर वाचतात, हजाराच्या क्रेडिटने पुरे हजार.

२०२२ च्या कायद्याने नव्या गाडीला ७,५०० डॉलरपर्यंत क्रेडिट ठेवले होते. गाडीची अंतिम जुळणी उत्तर अमेरिकेत झालेली हवी. कंपनीची छापील किंमत साध्या कारला ५५,००० आणि एसयूव्ही, व्हॅन, पिकअपला ८०,००० डॉलरपर्यंत हवी. उत्पन्नाची मर्यादा नवराबायकोच्या एकत्र रिटर्नला ३,००,००० आणि एकट्याला १,५०,००० डॉलर. जुन्या गाडीचे क्रेडिट वेगळे: किमतीच्या ३० टक्के, पण जास्तीत जास्त ४,००० डॉलर. तीही डीलरकडूनच घेतलेली आणि २५,००० डॉलरपर्यंतची हवी. तिथे उत्पन्नाची मर्यादा बरोबर निम्मी.

इथे आपल्या लोकांनी एक लक्षात ठेवावे. या मर्यादेत जगभरचे उत्पन्न धरतात. पुण्याचा फ्लॅट विकून झालेला नफा त्यात येतो. एनआरई खात्याच्या व्याजावर भारतात कर नाही, पण इथे आहे, म्हणून तेही येते. सोय एवढीच की गाडी ताब्यात आली ते वर्ष किंवा त्याच्या आधीचे वर्ष, यांपैकी एकात जरी उत्पन्न मर्यादेत असले तरी चालते. फ्लॅट विकल्याच्या वर्षी गाडी घेतली म्हणून लगेच हताश होऊ नका, मागच्या वर्षाचा रिटर्न काढून पाहा.

आता वाईट बातमी. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने नव्या आणि जुन्या, दोन्ही गाड्यांची क्रेडिट्स ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना बंद केली. मात्र त्या तारखेपर्यंत लेखी करार होऊन काही रक्कम भरलेली असेल, तर गाडी नंतर ताब्यात आली तरी क्रेडिट मिळते. ते ज्या वर्षी गाडी ताब्यात आली त्या वर्षाच्या रिटर्नवर मागायचे.

मग माझ्यासारख्या विसरभोळ्यांचे काय? भरलेला रिटर्न फॉर्म १०४०-एक्सने दुरुस्त करता येतो. रिफंड मागायला साधारणपणे रिटर्न भरल्यापासून तीन वर्षे मिळतात, आणि मुदतीआधी भरलेला रिटर्न १५ एप्रिललाच भरला असे धरतात. म्हणजे माझ्या २०२३ च्या रिटर्नला १५ एप्रिल २०२७ पर्यंत वेळ होता. १०४०-एक्ससोबत फॉर्म ८९३६ आणि त्याचे शेड्यूल ए जोडले. त्यात गाडीचा सतरा अक्षरी व्हीआयएन लिहावा लागतो. तो सेलर रिपोर्टवरून उतरवला.

पण पुरे ७,५०० मिळाले नाहीत. हे क्रेडिट आपल्या टॅक्सपुरतेच मिळते, उरलेले परत देत नाहीत आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. २०२३ च्या मध्यावर मी निवृत्त झालो होतो, त्यामुळे त्या वर्षीचा टॅक्सच ४,८६० डॉलर होता. तेवढेच मिळाले, २,६४० बुडाले. सीपीए मित्र म्हणाला, "त्याच डिसेंबरात आयआरएतली थोडी रक्कम रॉथमध्ये वळवली असतीस, तर टॅक्स वाढला असता आणि क्रेडिट त्यात जिरले असते." वेळ गेल्यावर शहाणपण सुचते ते असे.

१ जानेवारी २०२४ पासून हे क्रेडिट डीलरच्या नावे करून किमतीतूनच वजा करून घेता येऊ लागले. ज्यांनी तसे केले त्यांना टॅक्स कमी निघाला तरी फरक परत करावा लागत नाही. पण दोन्ही वर्षांचे उत्पन्न मर्यादेबाहेर गेले, तर सगळी रक्कम परत करावी लागते. आणि "डीलरने दिले, माझे काम संपले" असे समजू नका. फॉर्म ८९३६ त्यांनीही भरायचाच आहे. २०२४ पासून डीलरने विक्रीची नोंद आयआरएसकडे ऑनलाइन करायची असते. ती स्वीकारल्याची प्रत आपल्या फाइलमध्ये आहे ना, ते पाहा.

आता गाडी घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. २०२५ ते २०२८ या वर्षांत नव्या गाडीच्या कर्जावरचे व्याज वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत वजा करता येते. गाडी विजेचीच हवी असे नाही, पण तिची अंतिम जुळणी अमेरिकेत झालेली हवी आणि कर्ज २०२४ नंतरचे हवे. एकट्याचे उत्पन्न १,००,००० आणि जोडप्याचे २,००,००० डॉलरच्या वर गेले की ही सवलत कमी होत जाते. दुसरे म्हणजे घरच्या चार्जरचे क्रेडिट: खर्चाच्या ३० टक्के, कमाल १,००० डॉलर. चार्जर ३० जून २०२६ पर्यंत सुरू झालेला हवा आणि घर ठरावीक भागात, म्हणजे कमी उत्पन्नाच्या किंवा शहराबाहेरच्या सेन्सस ट्रॅक्टमध्ये हवे. त्यासाठी फॉर्म ८९११.

माझे ४,८६० डॉलर काही महिन्यांनी बँकेत जमा झाले. बंपरचा ओरखडा मात्र अजून तसाच आहे. ही म्हणते, "राहू द्या, त्याच्यामुळेच पाकीट सापडले." तेव्हा मंडळी, २०२३ नंतर विजेची गाडी घेतली असेल, तर आज घरी गेल्यावर आधी ग्लव्ह बॉक्स उघडा. मग त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये फॉर्म ८९३६ आहे का ते बघा. नसेल, तर तीन वर्षे संपायच्या आत आपल्या सीपीएला फोन करा.