पत्र्यावर चढलेला भाचा

आज घरचीच गोष्ट सांगतो. सांगताना थोडी लाज वाटते, पण तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा पोरगा असेल, म्हणून सांगतो.

माझी धाकटी बहीण कन्नड तालुक्यात दिलेली आहे. तिचा थोरला मुलगा आयटीआय करून वाळूजला एका कारखान्यात लागला आणि तिघा मित्रांबरोबर बजाजनगरात खोली करून राहतो. बजाजनगर तुम्हाला ठाऊक असेलच. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने कामगारांची ही वस्ती वाढली. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कुठला म्हणून माणूस तिथे नाही असे नाही. पोरगा गुणी आहे. पगार झाला की आईला पैसे धाडतो, सुट्टीला आला की सोंगणीला हात लावतो. विडी-काडीचेही व्यसन नाही.

उन्हाळ्यात एक दिवस बहिणीचा फोन आला, "दादा, असशील तसा निघून ये." गेलो. तिने मोबाईल पुढे केला. कुठल्याशा जत्रेत नाचगाण्याचा कार्यक्रम चालला होता. बाजूला एका शेतकऱ्याची कांदाचाळ, आणि तिच्या पत्र्यावर पंधरा-वीस पोरे उभी. मधोमध आमचे रत्न. अंगातला सदरा काढून डोक्यावर गरगर फिरवत, स्टेजवरच्या बाईचे नाव घेऊन गळा फाटेपर्यंत ओरडत होते. पायाखालचे पत्रे वाकत होते, तेही स्पष्ट दिसत होते.

"रविवारी पाहुणे यायचे होते याला बघायला," बहीण म्हणाली. "सकाळी निरोप आला, पुढं बघू. त्यांच्या गावातबी पोचलंय हे."

या वेडाची सुरुवात काही आपल्याकडे झालेली नाही. १९६४ च्या सुमारास इंग्लंडच्या बीटल्स नावाच्या चौघा गवयांपैकी एकाने आपल्याला अमुक गोड गोळ्या आवडतात असे बोलून दाखवले. झाले! चाहते कार्यक्रमात त्यांच्यावर त्याच गोळ्या फेकू लागले. अमेरिकेत त्या जातीच्या गोळ्या कडक मिळायच्या, त्या खड्यासारख्या लागत. १९६५ साली न्यूयॉर्कला पन्नास हजारांवर माणसे जमली आणि इतकी किंचाळली की गाणाऱ्यांनाच आपला आवाज ऐकू येईना. पुढच्याच वर्षी त्यांनी गावोगाव फिरून गाणे बंद केले. ज्यांच्यावर जीव ओवाळला, त्यांनाच पळवून लावले म्हणायचे.

आपल्याकडे अलीकडच्या वर्षांत हे सगळे गौतमी पाटील या कलावंतिणीच्या वाट्याला आले. मुलगी धुळे जिल्ह्यातल्या सिंदखेड्याची. सुरुवातीला तिच्या हावभावांवर टीका झाली, तेव्हा तिने माफी मागितली. हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण तिच्या चाहत्यांचे काय? ऑक्टोबर २०२२ मध्ये मिरज तालुक्यातल्या बेडगला शाळेच्या मैदानावर तिचा कार्यक्रम झाला. माणसे शाळेच्या छपरावर चढली आणि कौलांचा चुरा झाला. कार्यक्रमानंतर आवारात एका माणसाचा मृतदेह सापडला. २०२३ च्या उन्हाळ्यात आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या महालगावला, माणसे चढलेले पत्र्याचे शेड खाली आले आणि काही जण जखमी झाले. शाळा कोणाची होती? तुमच्या-आमच्या लेकरांचीच ना? ज्या कौलांखाली बसून बाराखडी शिकलो, तीच टाचेखाली फोडायची!

त्याहून लाजिरवाणा प्रकार फेब्रुवारी २०२३ मधला. ती कपडे बदलत असताना कोणीतरी चोरून चित्रण केले आणि ते मोबाईलवर पसरले. पुण्यात गुन्हा नोंदवला गेला, राज्य महिला आयोगाने दखल घेतली. चोरून काढणारा एखादाच असेल. पण पुढे पाठवणारे किती? ते सगळे स्वतःला तिचे चाहतेच म्हणवत असणार.

भाच्याला बोलावून घेतले. मान खाली घालून बसला. म्हणाला, "मामा, खाली काहीच दिसंना. एकजण चढला, मग समदेच चढले. मला तर कळलंबी नाही सदरा कवा काढला ते."

मला त्याचे म्हणणे खोटे वाटले नाही. गर्दीत माणसाला वाटते, आता आपल्याला कोणी ओळखणार नाही. बापाचे नाव, गावाचे नाव गळून पडते. पण म्हणून सगळा दोष गर्दीवर ढकलता येत नाही. बजाजनगरच्या शेजारीच छोटे पंढरपूर आहे. आषाढी एकादशीला तिथे मुंगीला वाट मिळत नाही, आणि हीच कंपनीतली पोरे तासन् तास रांगेत उभी राहतात, म्हाताऱ्या बाईला पुढे जाऊ देतात. देवळाच्या छपरावर कोणी चढत नाही. म्हणजे रीत ठाऊक आहे. नाचणाऱ्या बाईपुढे मात्र ती पाळायची गरज वाटत नाही. मला वाटते, खरी मेख इथे आहे.

जुने लोक तमाशाला जात, शिट्ट्या मारत, दौलतजादा करत, फेटे उडवत. ते सगळेच सोज्वळ होते असे मी म्हणणार नाही. कलावंतिणींनी पुष्कळ सोसले आहे. तरीही विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची गोष्ट आठवा. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. दंगा करणाऱ्या प्रेक्षकांच्या हे लक्षात आले, तेव्हा त्यांनीच खेळ थांबवायला लावला, असे सांगतात. पुढे राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला, आज त्यांच्या नावाने राज्य सरकार पुरस्कार देते. मला मात्र त्या रात्री घरी परत गेलेले प्रेक्षक जास्त आठवतात. त्यांनीही तिकिटाचे पैसे मोजले होते.

जत्रा कमिट्यांनाही एक सांगायचे आहे. लाखांची सुपारी देता, मग बांबूचे दोन कठडे बांधायला पैसे का सरतात? बायाबापड्यांना बसायला वेगळी जागा ठेवा. कलावंत मुलींना कपडे बदलायला दाराला आतून कडी असलेली खोली द्या आणि गावातल्या दोन जाणत्या बायांना बाहेर बसवा. ज्याची चाळ, गोठा किंवा घर मैदानाला लागून आहे, त्याला आधी विचारा. त्या माणसाचे वर्षाचे उत्पन्न त्या पत्र्याखाली असते.

आमच्या त्या कांदाचाळवाल्याचेही होतेच. भाच्याने खटपट करून त्याचा पत्ता काढला. तीन पत्रे पार वाकले होते, एकाला भेग. पाऊस पंधरा दिवसांवर आलेला. खोलीवरच्या मित्रांना घेऊन, पगारातून पैसे काढून, साप्ताहिक सुट्टीला हे चौघे पत्रे घेऊन गेले. शेतकरी आधी शिव्या घालून मोकळा झाला. मग म्हणाला, "चढायची हौस होती ना? चढा आता. पण वाशावर पाय द्या, पत्र्यावर नाही." दुपारपर्यंत पत्रे ठोकून झाले. चहा त्याने पाजला नाही, पाणी मात्र दिले.

पाहुण्यांचा निरोप अजून आलेला नाही. बहीण रोज वाट बघते. ती चित्रफीतही अजून या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरतेच आहे.