लकव्याचा पाय, दाबाची पट्टी आणि तोल

लकव्यानंतर पायात ताकद आली की घरचे निश्चिंत होतात. मग एक दिवस पेशंट न्हाणीघरात तोंडाला साबण लावतो, डोळे मिटतो आणि पडतो. ताकद तर होती. मग पडला का?

कारण पाय कुठे आहे, घोटा किती वाकला आहे, हे डोळे मिटूनही आपल्याला कळत असतं. स्नायू, सांधे आणि कातडी मेंदूला सतत खबर देत असतात. शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली याला ‘प्रोप्रिओसेप्शन’ म्हटलं. आपण सांध्याची जाण म्हणू. लकव्यात ही जाण बऱ्याचदा जाते. चप्पल पायातून निसटते आणि माणूस तसाच पुढे चालत राहतो. घरी तपासायचं असेल तर पेशंटला डोळे मिटायला सांगा, पायाचा अंगठा दोन्ही बाजूंनी धरून हळूच वर किंवा खाली करा आणि विचारा, कुठे गेला?

आता दाबाचं बघू. घोट्याला क्रेप बँडेज किंवा घट्ट मोजा घातला की कातडीवर दाब येतो आणि प्रत्येक हालचालीला कातडी ताणली जाते. खबर जरा मोठ्या आवाजात जाते, असं समजा. स्कॉटलंडच्या मार्गारेट जॉनस्टन या फिजिओथेरपिस्ट हाता-पायाला हवेने फुगवायच्या पट्ट्या बांधून व्यायाम घेत, त्यामागेही हाच विचार होता. मात्र यावरचे अभ्यास लहान आहेत आणि निकाल सारखे नाहीत. आम्ही पट्टी वापरतो ती व्यायामापुरती: उभं राहणं, वजन लकव्याच्या पायावर घेणं, पायरी चढणं. नुसती बांधून खाटेवर बसलात तर तोल सुधारणार नाही.

आणि एक गैरसमज. ‘मोजा घातला की पायात गुठळी होत नाही,’ असं बरेच जण सांगतात. ब्रिटनमधून चाललेल्या ‘क्लॉट्स’ चाचणीत (२००९) लकव्याच्या सुमारे २,५०० पेशंटवर मांडीपर्यंतचे मोजे वापरून पाहिले. गुठळ्या कमी झाल्या नाहीत. उलट कातडीच्या जखमा मोजेवाल्यांत ५ टक्के, इतरांत १ टक्का. थांबून-थांबून हवा भरणाऱ्या यंत्राचा मात्र पुढच्या चाचणीत (२०१३) फायदा दिसला. पण ते यंत्र अंथरुणाला खिळलेल्या पेशंटसाठी.

बधिर पायाला घट्ट झालेलं कळतच नाही, खरी भीती ही. म्हणून बांधायची ती बोटांच्या मुळापासून वर, खाली जरा घट्ट, वर सैल. सुरकुती नको. बोटं उघडी ठेवा. निळी, पांढरी किंवा गार पडली तर लगेच सोडा. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. घामाने ओली पट्टी तासन्‌तास ठेवली तर कातडी सोलून निघते. व्यायाम झाला की काढा, पाय पुसा, टाच बघा. रात्री नकोच. शुगरमुळे पाय बधिर असतील, पायाचा रक्तपुरवठा कमी असेल किंवा हृदय कमजोर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टी बांधूच नका.

तोवर न्हाणीघरात भिंतीला दांडी लावून घ्या, आणि आंघोळ खुर्चीवर बसूनच करू द्या.