वाकलेली बकेट सरळ करताना

मातीचा ढीग उपसताना लोडरची बकेट आत दडलेल्या खडकावर आदळते आणि तिची कड एका कोपऱ्यात वाकते. मग जमीन सपाट करताना एक बाजू खोल खणते, तर दुसरी अधांतरी राहते. अशी बकेट दुरुस्तीला येते. "त्यात काय! उलट बाजूने दाबली की झाले," असे तुम्हाला वाटेल. आधी एक छोटा प्रयोग करून पाहा.

बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती मऊ, काळी लोखंडी तार वीतभर घ्या. ती मधोमध काटकोनात वाकवा आणि बोटांनी पुन्हा सरळ करा. आता नीट पाहा. वाकवलेल्या जागी उंचवटा राहिलाच आणि शेजारी नवे बाक आले! असे का व्हावे?

पोलाद म्हणजे असंख्य बारीक स्फटिकांचा समूह. स्फटिकांत अणूंच्या रांगा असतात आणि त्या रांगांत जागोजाग दोष असतात. पुरेसे बल लावले की हे दोष सरकतात, रांगा एकमेकींवरून घसरतात आणि धातू वाकतो. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. वाकताना दोषांची संख्या खूप वाढते आणि ते एकमेकांची वाट अडवतात. म्हणून वाकलेली जागा कठीण होते. सरळ करताना ती हटून बसते आणि शेजारचा मऊ भाग आधी वाकतो.

आता दुसरी अडचण. एका गॅरेजात मी कारागिराला जॅकने बकेटची कड दाबताना पाहिले. कड अगदी रेषेत आली. पण जॅक सैल करताच थोडी मागे फिरली. हे स्थितिस्थापकतेचे काम! साध्या पोलादाची एक मीटर लांबीची सळई ताणली, तर जेमतेम सव्वा मिलिमीटर वाढेपर्यंत ती बल काढताच पूर्ववत होते. त्यापुढची वाढ कायमची राहते. पण स्थितिस्थापक वाढ तेव्हाही परत जातेच. म्हणून कारागीर कड रेषेच्या किंचित पलीकडे दाबतो, सोडतो, पट्टी लावून पाहतो आणि पुन्हा दाबतो.

पत्रा जाड असेल तर तो तापवतात. सुमारे ६०० अंश सेल्सिअसला साध्या पोलादाची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. मात्र खणणारे पाते बहुधा मुद्दाम कठीण केलेले असते. ते असे तापवले तर कठीणपणा जातो आणि पाते लवकर झिजते. चीर पडली असेल, तर नुसते दाबून भागत नाही. खराब भाग कापून तेथे नवा पत्रा वेल्ड करावा लागतो.

या कामात धोकाही आहे. ताणलेल्या साखळीत ऊर्जा साठलेली असते. साखळी तुटली तर ती चाबकासारखी उसळते. म्हणून तिच्या रेषेत कोणी उभे राहू नये. तसेच उचललेल्या बकेटखाली कधीही जाऊ नये; काम बकेट जमिनीवर टेकवूनच करावे.

तुमची तार ठेवली आहे ना? शिक्षकांच्या देखरेखीखाली तिचा उंचवटा बर्नरवर लाल होईपर्यंत तापवा आणि सावकाश निवू द्या. आता ती सरळ करून पाहा. उंचवटा पूर्वीइतकाच हटून बसतो का?