पुढचा एक दात, मागचे तीन

माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनाला डबल सीट निघालेली शंभर सीसीची गाडी घाटात लगेच ओळखू येते. तिसऱ्या गियरमध्ये ती दम टाकते, दुसऱ्यात नुसती ओरडते, आणि मागे बसलेला ‘उतरू का?’ म्हणून विचारतो. तीच गाडी नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरकडे जाणाऱ्या 361 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाला लागली, की तक्रार नेमकी उलटी होते: चौथ्याच्या वर अजून एक गियर हवा होता. दोन्ही तक्रारींवर गॅरेजात एकच इलाज सुचवला जातो. स्प्रॉकेट बदला.

चेन दोन दातेरी चाकांवर फिरते. पुढचे लहान चाक गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टवर बसते, मागचे मोठे चाक टायरच्या हबला. समजा, पुढे 14 दात आहेत आणि मागे 42. म्हणजे पुढच्याचे तीन फेरे झाले की मागचे चाक एकदा फिरते, गुणोत्तर 3. पुढे 13 दातांचे बसवले तर ते 3.23 होते, 15 चे बसवले तर 2.8.

13 चा परिणाम मागच्या बाजूने साधायचा असेल, तर 42 ऐवजी 45 दात लागतात. पुढचा एक दात मागच्या जवळपास तिघांना भारी पडतो, तो असा.

पुढे 13 घातल्यावर चारही गियर सारख्याच प्रमाणात ‘जड’ ओढू लागतात. पिकअप वाढतो, चढावर गियर कमी पाडावा लागत नाही. मात्र इंजिनाची ताकद तसूभरही वाढलेली नसते. पूर्वी ज्या वेगाला इंजिन मिनिटाला 6,000 फेरे घेत होते, त्याच वेगाला आता सुमारे 6,460 घेते. सपाट रस्त्यावर हे हँडलच्या थरथरीतून कळते आणि पेट्रोलच्या खर्चातही दिसते.

15 चा मोह याहून फसवा. फेरे कमी म्हणजे ॲव्हरेज जास्त आणि वेगही जास्त, असा हिशेब मांडला जातो. पण स्प्लेंडरसारख्या 97.2 सीसीच्या गाडीत ताकद असते साधारण 8 पीएस. वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा, तर नुसत्या हवेशी झगडायलाच सुमारे एक तृतीयांश ताकद जास्त लागते. ती आणायची कुठून? समोरून वारा आला किंवा मागे कुणी बसले, की चौथा गियर ओढत नाही. मग चालवणारा तिसऱ्यात येतो आणि वाचलेले पेट्रोल तिथेच जाते.

दोन्ही टोके साधायची तर गियरच वाढवावा लागतो. वाळूजला कारखाना असलेल्या बजाजने 2019 मध्ये प्लॅटिना 110 एच-गियरला पाचवा गियर दिला, तो यासाठीच.

बसवताना सोपा पडतो तो पुढचाच बदल. या गाड्यांवर सर्रास दिसणाऱ्या 428 मापाच्या चेनमध्ये दोन पिनांतले अंतर 12.7 मिलिमीटर असते. पुढे एक दात कमी केला, तर मागचे चाक जेमतेम 3 मिलिमीटर मागे ओढावे लागते. ॲडजस्टरमध्ये तेवढी जागा असली, की जुनी चेन चालून जाते. मागचे स्प्रॉकेट मोठे केले तर ते बंद चेनकव्हरला घासू शकते.

लहान स्प्रॉकेटवर चेनची प्रत्येक कडी जास्त वाकते, म्हणून 13 वर झीज लवकर होते. त्यात पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल कव्हरमध्ये शिरून बसतो. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढून पाहावी. अर्धा दात उघडा पडला, तर चेन संपली. दात आकड्यासारखे वाकले असतील, तर अख्खा सेटच बदलायचा. नवी चेन जुन्या दातांवर फार दिवस टिकत नाही.

म्हणून स्प्रॉकेटचा प्रयोग करायचा, तर सेट बदलायला आला तेव्हाच. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून खडकाळ वाटेने रोज ये-जा करणाऱ्याला 13 शोभते. लातूरला एकट्याने नोकरीला जाणाऱ्याने कंपनीचाच आकडा ठेवावा. आधी जुन्या स्प्रॉकेटवर कोरलेली दातांची संख्या वाचून घ्यावी, कारण ती मॉडेलनुसार बदलते. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येत असेल, तर काटा खरेच सांगतो. गिअरबॉक्सवर सेन्सर असेल, तर 13 बसवल्यावर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवतो. किलोमीटरही तसेच फुगतात, आणि त्यावरून काढलेले ॲव्हरेजसुद्धा.